कुलूपबंद हार्ड डिस्क : एक्सबॉक्सच्या पोटातील आठ जीबींचा इतिहास

१/
१५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स अमेरिकेत विक्रीस आला. किंमत २९९ डॉलर. तोवर घरगुती गेम कन्सोल म्हणजे कार्ट्रिज किंवा चकती घालून खेळायचे यंत्र. खेळातील प्रगती जपण्यासाठी वेगळे मेमरी कार्ड विकत घ्यावे लागे. एक्सबॉक्सच्या पोटात मात्र कारखान्यातच ८ जीबीची हार्ड डिस्क बसवलेली होती. प्रत्येक नगाबरोबर हार्ड डिस्क देणारा हा पहिलाच कन्सोल. या डिस्कला एक कुलूप होते आणि त्याची किल्ली गिऱ्हाइकाला दिलेली नव्हती. त्या कुलपाचा, ते उघडणाऱ्यांचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मालकी हक्काच्या वादाचा हा इतिहास.

२/
झाकण उघडल्यावर जे दिसे, ते कोणत्याही संगणक दुरुस्ती करणाऱ्याच्या परिचयाचे होते. इंटेलच्या पेंटियम ३ घराण्यातील ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, डीव्हीडी ड्राइव्ह, आणि आयडीई जातीची साधी साडेतीन इंची हार्ड डिस्क. डिस्कला वीज पुरवणारा जोडही बाजारात मिळणाऱ्या संगणकासारखाच. सारांश, एक्सबॉक्स हा जातकुळीने संगणकच होता. फक्त त्याला संगणकासारखे वागण्याची मनाई होती. ही मनाई कशासाठी, हे समजल्याशिवाय पुढील घडामोडींचा उलगडा होत नाही.

३/
कन्सोलचा धंदा उलट्या गणितावर चालतो. यंत्र तोट्यात किंवा जेमतेम खर्चाला विकायचे आणि नफा गेममधून मिळवायचा. प्रत्येक गेमच्या विक्रीतून यंत्र बनवणाऱ्या कंपनीला परवान्याची रक्कम मिळते. एक्सबॉक्सवर हवा तो प्रोग्राम चालू लागला, तर लोक तो स्वस्त संगणक म्हणून विकत घेतील, गेम घेणारच नाहीत, आणि नकली प्रती करणाऱ्यांचेही फावेल, ही भीती अवाजवी नव्हती. म्हणून मायक्रोसॉफ्टने यंत्राच्या प्रत्येक थराला पहारा बसवला. सही नसलेला प्रोग्राम चालणार नाही आणि अनोळखी डिस्क स्वीकारली जाणार नाही, असा तो बंदोबस्त होता.

४/
डिस्कच्या कुलपासाठी नवे काही शोधावे लागले नाही. आयडीई डिस्कच्या प्रमाणित आज्ञावलीतच संकेतशब्दाची सोय होती. लॅपटॉप चोरीला गेला तरी माहिती सुरक्षित राहावी, हा तिचा मूळ हेतू. संकेतशब्द दिल्याशिवाय अशी डिस्क एक अक्षरही वाचू देत नाही. एक्सबॉक्सच्या मदरबोर्डवर २५६ बाइटची एक चिमुकली ईईप्रॉम चिप होती आणि तिच्यात त्या नगापुरती वेगळी १६ बाइटची किल्ली. ही किल्ली, डिस्कचे मॉडेल आणि तिचा अनुक्रमांक यांवर गणिती संस्कार करून संकेतशब्द तयार होई. यंत्र सुरू होताच तो डिस्ककडे पाठवला जाई. डिस्क उघडली, तरच पुढचे सारे.

५/
परिणामी मदरबोर्ड आणि डिस्क यांची जन्मगाठ बांधली गेली. एका एक्सबॉक्सची डिस्क काढून दुसऱ्यात घातली, तर ती उघडत नसे आणि पडद्यावर त्रुटी क्रमांक ६ उमटे. दुकानातून आणलेली कोरी डिस्क जोडली, तर ती कुलूपबंद नाही म्हणून यंत्र तिलाही नाकारी. ती त्रुटी क्रमांक ५. डिस्कने उत्तरच दिले नाही, तर क्रमांक ७. म्हणजे घर उघडे असले तरी आत जायचे नाही आणि बंद असले तर किल्ली ठरलेलीच हवी, असा तिढा. मोठी डिस्क बसवणे तर दूरच. मूळ डिस्क बिघडली, तर तशीच दुसरी घालण्याचीही सोय मालकाला नव्हती.

६/
किल्ली ईईप्रॉममध्ये आहे म्हणावे, तर ती चिपही गूढलिपीत लिहिलेली. त्या गूढलिपीच्या साखळीचे मूळ आणखी आत, यंत्र सुरू होताना सर्वप्रथम चालणाऱ्या ५१२ बाइटच्या गुप्त कोडमध्ये. हा कोड नेमका कोठे आहे, याचा शोध घेणाऱ्यांना प्रथम चकवा बसला. मदरबोर्डवरील फ्लॅश चिपच्या टोकाला तसाच एक कोड सापडला आणि अभ्यासकांनी तो कसून तपासला. परंतु तो जुना, वापरात नसलेला अवशेष निघाला. खरा कोड होता एनव्हिडियाने बनवलेल्या साउथब्रिज चिपच्या गाभ्यात, सिलिकॉनवरच कोरलेला. बाहेरून वाचता येईल, असे त्याला एकही दार नव्हते.

७/
हे दार शोधले अँड्र्यू ‘बनी’ हुआंग या एमआयटीतील संशोधक विद्यार्थ्याने. त्याचा तर्क सरळ होता. गुप्त कोड साउथब्रिजमध्ये असला, तरी तो चालवणारा प्रोसेसर दुसरीकडे आहे. म्हणजे यंत्र सुरू होताना तो कोड मदरबोर्डवरील तारांवरून जाणारच, आणि तोही उघड्या स्वरूपात. त्या तारांवरील वाहतूक अत्यंत वेगवान असल्याने ती कोणी टिपू शकणार नाही, असा मायक्रोसॉफ्टचा भरवसा असावा. हुआंगने स्वतः बनवलेली सर्किटची पट्टी त्या तारांवर बसवली, वाहतूक नोंदवून घेतली आणि २०० मेगाहर्ट्झने धावणाऱ्या त्या प्रवाहातून ते ५१२ बाइट बाहेर काढले. साल २००२.

८/
पुढची अडचण तंत्राची नव्हती, कायद्याची होती. १९९८ च्या अमेरिकी डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलूप तोडणे आणि तोडण्याची साधने पुरवणे, दोन्ही निषिद्ध ठरवले होते. शोधनिबंध हेही असे ‘साधन’ मानले जाईल काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. एमआयटीच्या प्रशासनाने सुरुवातीला या कामाशी संबंध नाकारला. कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील अध्यापक मात्र विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि मे २००२ मध्ये निबंध प्रयोगशाळेच्या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे याच विषयावरील त्याचे पुस्तक कायद्याच्या धास्तीने मूळ प्रकाशकाने सोडून दिले. २००३ मध्ये ते नो स्टार्च प्रेसकडून आले आणि २०१३ मध्ये लेखकाने ते सर्वांसाठी मोफत खुले केले.

९/
दरम्यान बाजारात ‘मॉडचिप’ अवतरल्या होत्या. मूळ फर्मवेअरऐवजी आपले फर्मवेअर यंत्राला पाजणारी ही छोटी पट्टी. पहिल्या चिप बसवण्यासाठी २९ तारा सोल्डर कराव्या लागत. पुढे कारखान्यातील तपासणीसाठी ठेवलेल्या जोडाचा उपयोग सापडला आणि काम पुष्कळ सोपे झाले. काही हौशींनी तर चिपही टाळली. मदरबोर्डवरील दोन ठिपके सोल्डरने जोडले की मूळ फ्लॅश चिपवरच नवे फर्मवेअर लिहिता येई. मायक्रोसॉफ्टने मदरबोर्डच्या नवनव्या आवृत्त्या काढून उत्तर दिले. १.६ या आवृत्तीत पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिपच काढून टाकली गेली आणि ती वाट बुजली.

१०/
नवे फर्मवेअर कुलूप नसलेली डिस्कही स्वीकारी. त्यामुळे ८ जीबीची जागा ८०, १२० जीबीच्या डिस्क घेऊ लागल्या. मूळ डिस्कवरील जागा काटेकोरपणे वाटलेली होती : यंत्रणेसाठी ५०० एमबी, खेळांच्या नोंदींसाठी सुमारे ५ जीबी आणि तात्पुरत्या वापरासाठी ७५० एमबीचे तीन कप्पे. काही नगांत प्रत्यक्षात १० जीबीची डिस्क असे आणि वरचे २ जीबी तसेच पडून राहत. मोठ्या डिस्कवर जुने कप्पे जागच्या जागी ठेवून उरलेल्या जागेवर ‘एफ’ आणि ‘जी’ हे नवे कप्पे उघडले गेले. मूळ यंत्रणेला या कप्प्यांचा पत्ताच नव्हता. हौशींच्या प्रोग्रामना होता.

११/
लवकरच १३७ जीबीची भिंत आडवी आली. डिस्कवरील प्रत्येक ५१२ बाइटच्या खणाला क्रमांक असतो आणि एक्सबॉक्सची मूळ यंत्रणा हा क्रमांक २८ बिटांत लिहीत असे. २८ बिटांत २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६ क्रमांक मावतात. त्यांना ५१२ ने गुणले की सुमारे १३७ अब्ज बाइट. त्यापुढचे खण असूनही नसल्यासारखे. संगणक क्षेत्राने यावर ४८ बिटांचा क्रमांक हा तोडगा काढला होता. एक्सबॉक्ससाठी तीच सुधारणा हौशींनी स्वतः लिहून आपल्या फर्मवेअरमध्ये घातली. एवढ्यानेही सारे भागले नाही. २५६ जीबीहून मोठ्या कप्प्यात क्लस्टरचा आकार वाढवला नाही, तर साठवलेली माहिती हळूहळू खराब होई. हे अनेकांना डिस्क भरत आल्यावरच उमगले.

१२/
मूळ डिस्क बदलणे हा एक प्रश्न. तिच्या जोडीला आणखी डिस्क लावणे हा वेगळाच. एक्सबॉक्सला आयडीईची एकच वाहिनी होती आणि एका वाहिनीवर दोनच उपकरणे बसतात : एक ‘मास्टर’, दुसरे ‘स्लेव्ह’. मास्टरची जागा हार्ड डिस्कने, स्लेव्हची डीव्हीडी ड्राइव्हने अडवलेली. तिसऱ्याला ना केबलवर जागा, ना पेटीत. कन्सोलच्या यूएसबी जोडांवरही विसंबता येत नव्हते. ते जुन्या १.१ जातीचे, सेकंदाला १२ मेगाबिटांचे. त्या वाटेने एक गेम हलवायचा म्हटला, तरी तास उलटावा.

१३/
म्हणून दोन वाटा निघाल्या. काहींनी दोन हार्ड डिस्क ठेवल्या आणि मध्ये खटका बसवला. एका बाजूला मूळ कुलूपबंद डिस्क, दुसऱ्या बाजूला स्वतःची मोठी. यामागे कारण होते. नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेवर फेरफार केलेली यंत्रे ओळखून कायमची बाद केली जात. तेथे जाताना यंत्र ‘सोवळे’ असणे आवश्यक होते. दुसरी वाट डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिच्या जागी डिस्क जोडण्याची. पण स्लेव्हच्या जागी डीव्हीडीच असणार, असे यंत्रणा गृहीत धरी. ते गृहीतक फर्मवेअरमधूनच काढावे लागे. दोन डिस्कची नीटस सोय हौशी फर्मवेअरमध्ये अलीकडच्या वर्षांतच झाली आहे.

१४/
मार्च २००३ मध्ये सोल्डरिंगची गरजही संपली. जेम्स बाँडच्या ‘एजंट अंडर फायर’ या गेममध्ये जतन केलेला खेळ उघडताना एक चूक होत असे. अपेक्षेपेक्षा लांब मजकूर आला, तरी गेम तो निमूटपणे स्वीकारी आणि शेजारच्या स्मृतीवर पसरू देई. त्या मजकुरात प्रोग्राम दडवला, तर तो चालू लागे. गेम अधिकृत, सही अधिकृत, चकती दुकानातून आणलेली. फितुरी फक्त जतन केलेल्या खेळात. पुढे ‘मेकअसॉल्ट’ आणि ‘स्प्लिंटर सेल’ या गेममध्येही अशाच फटी सापडल्या. भक्कम तटबंदी असलेला किल्ला चोरदिंडीने पडावा, तसा हा प्रकार.

१५/
याच काळात एक धाडसी युक्ती रूढ झाली. एक्सबॉक्स सुरू करायचा. तो आपली डिस्क स्वतःच्या किल्लीने उघडतो. मग वीज चालू ठेवूनच डिस्कची माहिती वाहणारी केबल उपटायची आणि शेजारच्या संगणकाची केबल तेथे खोचायची. वीज तुटलेली नसल्याने डिस्क उघडीच राहते आणि संगणकाला तिच्यावर लिहिता येते. चालत्या यंत्रावर केलेली ही शस्त्रक्रिया. हात घसरला, तर डिस्क किंवा मदरबोर्ड गमावण्याची तयारी हवी. एवढा बंदोबस्त करूनही एक गोष्ट टळणारी नव्हती : कुलूप उघडण्याची किल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच पेटीत पोहोचवावीच लागत होती.

१६/
मिळालेल्या जागेचे लोकांनी काय केले? येथे इतिहास दुतोंडी आहे. पुष्कळांनी भाड्याने आणलेल्या गेम डिस्कवर उतरवून घेतल्या आणि चकती परत केली. ही सरळ चोरी होती, आणि तिचा तोटा गेम घडवणाऱ्यांना सोसावा लागला. त्याच वेळी मोडलेल्या एक्सबॉक्सवर लिनक्स चालवण्याचा प्रकल्प उभा राहिला. लिंडोज कंपनीचे प्रमुख मायकेल रॉबर्टसन यांनी त्यासाठी एकूण दोन लाख डॉलरचे बक्षीस लावले होते, आरंभी नाव गुप्त ठेवून. आणि याच यंत्रांसाठी लिहिलेल्या एक्सबॉक्स मीडिया सेंटर या प्रोग्रामची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ मध्ये आली. घरातील दूरचित्रवाणीवर चित्रपट, गाणी आणि छायाचित्रे एकत्र दाखवणारा हा प्रोग्राम २०१४ पासून ‘कोडी’ या नावाने जगभर ओळखला जातो.

१७/
कायद्याचा वरवंटा मात्र दोघांवर सारखाच फिरला. मायक्रोसॉफ्ट, सोनी आणि निन्टेन्डो एरवी एकमेकांचे कट्टर स्पर्धक. पण २००२ मध्ये हाँगकाँगच्या लिक-सांग या विक्रेत्याविरुद्ध तिघेही एकत्र न्यायालयात गेले आणि ते दुकान काही काळ बंद पडले. ऑस्ट्रेलियात वेगळे घडले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या मॉडचिपबाबत विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. नकली चकती चालू न देणारी यंत्रणा प्रत काढण्यास आडकाठी करत नाही, म्हणून ती तेव्हाच्या कायद्यातील ‘संरक्षक उपाय’ ठरत नाही, असा त्याचा आशय. एकच चिप, एका देशात गुन्हा आणि दुसऱ्यात नव्हे.

१८/
डिसेंबर २००५ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या परिषदेत एक्सबॉक्स लिनक्स प्रकल्पाचे मायकेल स्टाइल यांनी मायक्रोसॉफ्टच्या १७ चुकांचा पाढा वाचला. त्यातील तंत्राच्या चुका आता जुन्या झाल्या. त्यांचे एक निरीक्षण मात्र टिकून आहे. लिनक्सवाल्यांना लिनक्स हवे होते, हौशींना स्वतःचे प्रोग्राम आणि चाच्यांना फुकट गेम. सर्वांना एकाच कुलपाआड कोंडल्यामुळे ते फोडण्यात सर्वांचे हितसंबंध एक झाले. कुशल अभ्यासकांनी प्रामाणिक हेतूने वाट पाडली आणि त्या वाटेने चाचेही आत आले. पहिल्या दोघांसाठी अधिकृत दार ठेवले असते, तर तटबंदी कदाचित अधिक काळ उभी राहिली असती.

१९/
मायक्रोसॉफ्टने धडा घेतला, पण खर्चाचा. चिप दरवर्षी स्वस्त होते; डिस्क मात्र मोटर, तबकडी आणि वाचकशीर्ष यांच्या किमतीखाली उतरत नाही. नोव्हेंबर २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये स्वस्त आवृत्तीतून डिस्क गायबच झाली. महाग आवृत्तीत २० जीबीची डिस्क खास आवरणात आली आणि तिच्यावर कंपनीची डिजिटल सही असल्याशिवाय यंत्र तिला मानेना. हौशींनी तिचीही नक्कल साधली. सोनीने उलट वाट धरली. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये बाजारातील कोणतीही अडीच इंची साटा डिस्क मालकाने स्वतः बसवावी, अशी मुभा होती.

२०/
काळ सोनीच्या वाटेने गेला. एप्रिल २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० ने १६ जीबीपर्यंतचे साधे यूएसबी ड्राइव्ह स्वीकारले. जून २०१४ मध्ये एक्सबॉक्स वनला बाहेरून हार्ड डिस्क जोडण्याची परवानगी मिळाली. सप्टेंबर २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ मधील एसएसडीचा रिकामा खण वापरासाठी खुला झाला. २००२ साली ज्यासाठी तारा सोल्डर कराव्या लागत आणि ऑनलाइन सेवेतून बाद होण्याचा धोका पत्करावा लागे, ती जादा डिस्क आता जाहिरातीत मिरवण्याची सोय ठरली. सही नसलेला प्रोग्राम मात्र आजही चालत नाही. कंपन्यांनी कोठार मोकळे केले; देवडीवरचा पहारा कायम आहे.

२१/
१५ एप्रिल २०१० रोजी मूळ एक्सबॉक्सची लाइव्ह सेवा बंद झाली. त्या सेवेवरून उतरवलेल्या गेमच्या पुरवण्या आता उरल्या त्या लोकांच्या जुन्या डिस्कवर, आणि या डिस्क वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. त्यांची यांत्रिक झीज होते आहे. जुन्या मदरबोर्डवरील घड्याळाचा कपॅसिटर गळून तांब्याच्या रेघा खातो. ईईप्रॉममधील किल्ली आधी उतरवून ठेवली नसेल आणि मदरबोर्ड मेला, तर शाबूत डिस्कही मुकी होते. म्हणून आज जतन करणारे पहिल्यांदा किल्लीची प्रत काढतात आणि मगच डिस्कला हात लावतात. चोरी रोखण्यासाठी घातलेले कुलूप इतिहासाच्याच वाटेत उभे राहिले आहे, आणि ते उघडण्याची विद्या जपली ती एके काळी बेकायदा ठरवलेल्या हौशींनी.

२२/
कायदाही सावकाश सरकतो आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये कन्सोलसाठी मागितलेली सवलत फेटाळली गेली; २०२१ मध्ये मिळाली, ती केवळ चकती वाचणारी ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. त्यात कुलूप तोडण्याला शिक्षा आहे, पण कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असेल तर; कृतीबरोबर हेतूही पाहिला जातो. विकत घेतलेल्या यंत्रावर मालकाचा अधिकार कोठवर चालतो, हा प्रश्न आता मोबाइल, मोटारी आणि शेतातील ट्रॅक्टर यांच्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. ८ जीबीच्या त्या डिस्कने तो २००१ मध्येच विचारला होता.